लहान मुलांना कपडे खरंच किती लागतात?

रानजाई | २४ मे, रात्री १०:५०

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, दिवसभर मुलांकडे सासूबाई बघतात. मुलगा जूनपासून नर्सरीत जाईल.

दोन्ही मुलांचं मिळून एक कपाट आहे आणि ते गच्च भरलंय. तरी रोज सकाळी सासूबाईंना प्रश्न पडतो की आज याला घालू काय. कारण कपाटात आहेत ते बारशाचे, वाढदिवसाचे, कुणाच्या लग्नात मिळालेले. जरीचे, जाळीचे, मागे चेन असलेले. घरात घालायचे मऊ सुती कपडे मोजकेच, आणि ते कायम दोरीवर.

आता पाऊस तोंडावर आलाय. सोसायटीत गॅलरीबाहेर कपडे वाळत घालायला मनाई आहे. आत छताला ज्या दांड्या आहेत त्यावरच चौघांचं सगळं. मशीन एक दिवसाआड लागते.

तर या वयाला, आपल्याकडच्या हवेत, घरचे आणि बाहेरचे किती कपडे ठेवावेत? कृपया आकड्यात सांगा. "गरजेपुरते ठेवा" असं उत्तर नको, गरज किती तेच तर ठरवायचंय. नेटवरच्या याद्या बघितल्या, त्यात थर्मल आणि जाड जॅकेटं धरलेली असतात. त्या इथे काय कामाच्या?

---

नेरुळकर | २४ मे, रात्री ११:३२

आधी दोरीचा हिशोब करा, आकडा आपोआप निघेल.

दिवसाला किती जोड लागतात ते मोजा. तुमच्या मुलाला घरचे तीन धरू: आंघोळीनंतरचा, संध्याकाळी खेळून आल्यावरचा आणि रात्रीचा. मग अंगातून उतरलेला कपडा धुऊन, वाळून, घडी होऊन परत कपाटात यायला किती दिवस लागतात ते बघा. एक दिवसाआड मशीन असेल तर उन्हाळ्यात दोन दिवस. जुलैत हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा चार दिवस सहज. तीन दुणे सहा, तीन चोक बारा. वर सांडलवंडीसाठी दोन-तीन. म्हणजे उन्हाळ्यात ८-९ जोड पुरतात, पावसात १४-१५ लागतात. पावसाळ्यापुरती मशीन रोज लावलीत तर तीन दिवसांत कपडा हाती येतो आणि ११-१२ मध्ये भागतं.

बाळाला दिवसाला चार-पाच वेळा बदलावं लागतं, म्हणजे तिच्यासाठी दिवसांना तीनाऐवजी चार-पाचाने गुणायचं. पण लाळेरी भरपूर ठेवलीत तर दोन वेळचं झबलं वाचतं. दहा लाळेरी घ्या, ती लवकर वाळतात.

बाहेरचे कपडे या गणितात येतच नाहीत. ते आठवड्यातून एकदा अंगात जाणार, मग तीन असले तरी फिरवून पुरतात. कपाट भरलंय ते या तीनवाल्या खात्याने आणि तुटवडा आहे बारावाल्या खात्यात. नवीन घ्यायचंच असेल तर फक्त घरचं घ्या.

---

अबोली१२ | २५ मे, सकाळी ७:१५

नेरुळकर, हे गणित मी फ्रिजवर लावणार आहे. आमच्याकडे जुळी आहेत.

---

चरईच्या काकू | २५ मे, दुपारी २:०५

रानजाई, तुझ्या सासूबाईंची अडचण मला बरोबर कळली. मुलाला सांभाळणाऱ्या माणसाला डोक्यातून सहज निघणारा आणि पटकन बदलता येणारा कपडा लागतो. मागे चेन असली की बाळाला पालथं घालावं लागतं, तोवर ते रडून घर डोक्यावर घेतं.

आमच्या वेळी पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी लंगोट दोन डझन, झबली दहा-बारा, दुपटी सहा-सात, टोपडी तीन-चार आणि कुंची एक, एवढंच करत. लंगोट आणि दुपटी बहुतेक जुन्या धोतराची किंवा वापरलेल्या सुती साडीची. नवीन कापडाला खळ असते, ते बाळाला टोचतं, म्हणून थोरल्या भावंडाचं नाहीतर चुलत-मावस भावंडाचं वापरलेलं झबलं मुद्दाम मागून आणायचे. त्यात कमीपणा कुणालाच वाटत नसे. बाळंतविड्यात नवीन कपडे यायचे, ते बारशाला घालायचे आणि पुढच्या बाळासाठी जपून ठेवायचे.

आता डायपर आले, लंगोटांची संख्या कमी झाली. तरी घरात दिवसा लंगोट किंवा सुती चड्डी घालावी असं मला मनापासून वाटतं. उन्हाळ्यात आणि दमट हवेत दिवसभर डायपर म्हणजे त्या कोवळ्या कातडीचे हाल. आठ महिन्यांच्या मुलीला पंधरा तरी साध्या सुती चड्ड्या असू देत. त्या किती आहेत यावरून घर सुरळीत चालतंय की नाही ते कळतं.

आणखी एक. बोरन्हाणाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने एकदाच लागतात. आमच्या इमारतीत एकच काळा झगा आणि एकच काळी बाळबंडी आहे, दर संक्रांतीला ज्या घरी बोरन्हाण असेल त्या घरी जाते. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी शिवलेल्या छोट्या नऊवारीचंही तसंच केलंय. अशा कपड्यांना प्रत्येकाच्या कपाटात जागा कशाला?

---

वॉर्ड नं ७ | २५ मे, रात्री ९:४०

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागात परिचारिका आहे. आकड्यांचं बाकीच्यांनी सांगितलं, मी अंगावर एका वेळी किती घालावं ते सांगते, कारण कपडे जास्त विकत घेतले जातात ते मुळात जास्त घातले जातात म्हणून.

जन्मल्यावर पहिले काही दिवस बाळाला स्वतःचं तापमान नीट राखता येत नाही, त्यामुळे टोपडं आणि मोठ्यांपेक्षा एक-दोन थर जास्त हवेतच. त्याबद्दल दुमत नाही. पण घरी गेलेलं, वजन घेणारं, व्यवस्थित पिणारं बाळ एप्रिल-मे महिन्यात टोपडं, मोजे, हातमोजे आणि वर गुंडाळलेलं दुपटं अशा थाटात दाखवायला आणतात, तेव्हा मानेच्या घड्यांत आणि पाठीवर घामोळ्यांचे लाल पुंजके असतात. आपण स्वतः ज्यात आरामात आहोत त्याहून फार तर एक थर जास्त, हे सोपं माप आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या सुरक्षित झोपेबद्दलच्या सूचनाही हेच सांगतात: झोपताना बाळ तापता कामा नये, आणि घरात झोपवताना डोकं झाकू नये. हातपाय गार लागतात म्हणून कपडे चढवू नका, लहान बाळांचे हातपाय गार असतातच. मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक कपडा काढा.

ठाण्याची थंडी म्हणजे पहाटे १६-१८ अंश, तीही डिसेंबर-जानेवारीतले काही दिवस. एक पातळ स्वेटर आणि एक जाकीट पुष्कळ झालं. दुसरा स्वेटर फक्त गावी जाणार असाल तरच.

वाढीचा वेगही लक्षात घ्या. जन्मताना लांबी साधारण ५० सेंटिमीटर. पहिल्या वर्षात त्यात जवळपास २५ सेंटिमीटरची भर पडते, दुसऱ्या वर्षात १२ च्या आसपास, चार वर्षांच्या पुढे वर्षाला ६-७. वजन पाचव्या महिन्याच्या सुमाराला दुप्पट आणि वर्षाला तिप्पट. म्हणून पहिल्या वर्षात कुठलाही कपडा तीन महिन्यांच्या वर टिकेल असं धरूच नका. साडेतीन वर्षांच्या मुलाचा कपडा वर्षभर सहज जातो. धाकटीच्या बाबतीत हात आखडता घ्या, थोरल्याला चांगल्या प्रतीचं घ्या. बहुतेक घरांत याच्या उलट होतं.

---

टीप-दोरा | २६ मे, सकाळी ११:२०

मी कोपरीला लहान मुलांचे कपडे शिवते, आधी गोखले रोडच्या एका दुकानासाठी शिवायचे. वरच्या ताईंनी वाढीचं सांगितलं त्याला जोडून लिहिते.

एक ते चार वर्षांत मूल लांबीला जितकं वाढतं तितकं छातीला वाढत नाही. त्यामुळे कपडा आखूड होतो, पण घट्ट व्हायला वेळ लागतो. आमच्याकडे अठरा नंबरचा फ्रॉक घेऊन बाया येतात, छातीत व्यवस्थित बसत असतो, फक्त गुडघ्याच्या वर गेलेला असतो. तो फ्रॉक टाकायचा नाही. खाली लेगिंग घातली की पुढचे सहा महिने तो कुर्ता म्हणून चालतो. खालची दुमड दोन बोटं असेल तर ती उसवायची. जुनी टीप होती तिथे फिकट रेघ राहते, तिच्यावर एक लेस किंवा रंगीत फीत मारली की दिसतही नाही.

म्हणून विकत घेताना कपडा उलटा करून बघा. दुमड किती आहे, बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवली आहे का, की ओव्हरलॉक मारून कापड संपवलंय? हल्लीच्या तयार कपड्यात बहुतेक माया नसतेच. चड्डीचा नेफा हाताने ताणून बघा. इलॅस्टिक नेफ्यातून ओवलेलं असेल तर सैल झाल्यावर बदलता येतं, कापडावरच शिवलेलं असेल तर इलॅस्टिक गेलं की चड्डी गेली. बाळाच्या कपड्याला खांद्यावर टिचबटणं असलेली बरी, डोकं सहज जातं. गळ्याला बांधायच्या लांब नाड्या असलेलं काही घेऊ नका, त्या कशात तरी अडकतात आणि गळ्याला फास बसू शकतो.

एक नंबर मोठा घ्या, दोन नाही. दोन नंबर मोठा घेतला की खांदे उतरतात, बाही हातात येते, मूल त्यात नीट खेळू शकत नाही. मग तो कपडा "मोठा झाल्यावर घालू" म्हणून वर जातो आणि सापडतो तेव्हा लहान झालेला असतो.

दिवाळीचा ड्रेस शिवायचा असेल तर सुती किंवा सुती-रेशमी घ्या, अस्तर मलमलचं लावा. जरीची किनार आतून उघडी ठेवली तर पोटाला घासते. अस्तर असलं की तोच ड्रेस पुढे पाच-सहा समारंभांना मूल आनंदाने घालतं, आणि दुसरा लागत नाही.

---

पळसपान | २६ मे, दुपारी ४:४८

सगळ्यांचं पटतंय, तरी थोडं वेगळं मत मांडते.

आम्ही चार बहिणी. दिवाळीला एकाच ताग्यातून चौघींचे फ्रॉक, आणि त्यानंतर वर्षभर थोरलीचं धाकटीला. मी तिसरी, म्हणजे माझ्यापर्यंत कपडा येईस्तोवर त्याचा रंग गेलेला असायचा. आईबाबांनी जे केलं ते फार कष्टाने केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या मुलीला मी दुकानात नेते, ती बोट दाखवते तो पिवळा फ्रॉक घेते, आणि ती तो छातीशी धरून घरी येते तेव्हा मला जे वाटतं ते कुठल्याही हिशोबात बसत नाही. पाच वर्षांच्या मुलीला पिवळ्यावर पिवळं हवं असतं, तिला स्वतःची आवड फुटत असते. तिला "तुझ्याकडे आठ आहेत, नववा नाही" असं सांगणं मला जमणार नाही.

फक्त भेट म्हणून येणाऱ्या कपड्यांच्या ढिगाला माझाही विरोध आहे. तो मुलाची आवड न बघता आलेला असतो.

---

नेरुळकर | २६ मे, संध्याकाळी ६:३०

पळसपान, तो पिवळा फ्रॉक जरूर घ्या. मुलाने निवडलेला कपडा तो विरेपर्यंत घातला जातो, आणि तसा कपडा कधीच जास्तीचा नसतो. माझं म्हणणं एवढंच की तो आला की त्याच्या मापाचा, न आवडणारा एक कपडा बाहेर जाऊ दे. तोही तिलाच निवडू द्या. पाचव्या वर्षी मुलांना हे छान जमतं.

---

ऐरोलीहून | २६ मे, रात्री १०:१२

मी खोलीत राहते, मशीन नाही. पाणी ठरलेल्या वेळी येतं, त्यात हाताने धुते. दोन मुलं, चार आणि दोन वर्षांची. नेरुळकर दादांच्या हिशोबाने मला पावसात दोघांचे मिळून तीसच्या आसपास जोड लागतील. तेवढे ठेवायला जागा नाही आणि वाळत घालायला तर त्याहून नाही.

मी कापड बघून घेते. मलमल, वायल, पातळ मांजरपाट याचे बिनबाह्यांचे झबले आणि घेरदार चड्ड्या. रात्री जेवणं झाली की धुते, चांगले पिळून दोरीवर पंख्याखाली टाकते, एकावर एक न येता. सकाळी वाळलेले असतात, शिवणी ओलसर राहिल्या तर इस्त्री फिरवते. जाड होजिअरीचे टी-शर्ट जुलैत दोन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास बसतो. जीन्स तर तीन दिवस. लहान मुलाला जीन्स पावसाळ्यात घालूच नये, जूनच्या आधी मी त्या पिशवीत भरून वर ठेवते.

दोन्ही मुलांना घरचे प्रत्येकी सात जोड आहेत. मागच्या पावसात पुरले. दुकानात गेल्यावर मी कापड डोळ्यासमोर धरून उजेडात बघते. पलीकडचा उजेड थोडा दिसला तरच घेते.

---

नेरुळकर | २६ मे, रात्री १०:४०

ताई, हे तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. कपडा परत हाती यायला दोनच दिवस लागले तर तीन जोड गुणिले दोन आणि वर एक, म्हणजे सातच. हिशोब तोच राहिला, कापडाने आकडा अर्ध्यावर आणला. रानजाई, पंधरा घेण्याआधी हे वाचा.

---

गारवा_खारघर | २७ मे, सकाळी ९:०५

भरलेल्या कपाटाचा आणखी एक तोटा इथे कुणी लिहिला नाही. खाडीजवळ आणि डोंगराच्या पायथ्याला पावसात भिंतींना ओल धरते. गच्च कोंबलेल्या कपाटात हवा फिरत नाही, आणि ऑगस्टमध्ये काढावं तर पांढऱ्या झबल्यांवर काळे ठिपके पडलेले असतात. ती बुरशी असते, धुऊनही पूर्ण जात नाही. जरीची किनार काळी पडते ती वेगळीच. तेव्हा जपून ठेवायचे कपडे उन्हात चांगले तापवून, मेच्या शेवटच्या आठवड्यातच बांधा. पूर्ण वाळलेले हवेत. कप्प्यात वरची चार बोटं जागा मोकळी ठेवा.

पाळणाघरात जाणाऱ्या मुलांसाठी तिथे कायम तीन जोड ठेवावे लागतात, ते घरच्या आकड्यात धरू नका. प्रत्येक कपड्यावर आतून मार्करने नाव घाला. आणि शू सांगायला शिकवायचे जे काही आठवडे असतात, तेव्हा दहा-बारा चड्ड्या जास्तीच्या लागतात. त्यासाठी शेजारच्या मोठ्या मुलांच्या वापरलेल्या घेतल्या तरी काय हरकत आहे? उकळत्या पाण्यातून काढल्या की झालं.

---

चरईच्या काकू | २७ मे, दुपारी ३:३०

बाहेर काढलेल्या कपड्यांचं काय करायचं तेही ठरवा. पूर्वी बोहारीण दारावर यायची, कपड्यांवर भांडी द्यायची. आमच्या गल्लीत अजून एक बाई येतात, नव्या कॉम्प्लेक्समध्ये त्यांना गेटवरच अडवतात. कामाच्या बाईंना द्यायचे असतील तर आधी विचारावं, की ताई, या मापाचं मूल घरात आहे का, हवे आहेत का. बटणं लावून, धुऊन, घडी करून द्यावेत. फाटलेले त्यात घालू नयेत, त्यांची पायपुसणी आणि गोधडीचं आतलं भरण होतं. दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावर जाणारा कपडा आहे, तो आपल्या मुलाला घालू असाच असावा.

---

रानजाई | २७ मे, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलं झोपल्यावर मी आणि सासूबाईंनी सगळे कपडे पलंगावर काढले. टीप-दोरा ताईंनी सांगितलं तसं एकेक उलटा करून बघितला. मुलाचे बाहेरचे सतरा जोड निघाले आणि घरचे सहा. घरच्यातले दोन जाड होजिअरीचे.

असं ठरलंय: मुलाला घरचे दहा जोड, त्यातले सहा पातळ सुती, ते पावसासाठी. बाहेरचे चार, त्यात एक समारंभाचा. शाळेचा गणवेश दोन, पावसात न वाळल्यास घालायला तिसरी चड्डी. मुलीला झबली बारा, सुती चड्ड्या पंधरा, लाळेरी दहा, बाहेरचे दोन फ्रॉक. दोघांना एकेक स्वेटर. मशीन पावसाळ्यात रोज लावायची. उल्हासनगरला गजानन मार्केटात डझनावारी स्वस्त मिळतात म्हणून नवरा निघालाच होता, त्याला यादी हातात देऊनच पाठवणार आहे. झबली मात्र सासूबाई त्यांच्या दोन जुन्या सुती साड्यांची घरीच शिवणार आहेत. त्यांनीच ते सुचवलं.

मुलीचा वाढदिवस सप्टेंबरात आहे. येणाऱ्यांना "काही आणू नका" म्हटलं तर ऐकत नाहीत, म्हणून माझी नणंद सगळ्यांना आधीच सांगणार आहे की कपडेच आणणार असाल तर दोन ते तीन वर्षांच्या मापाचे, घरात घालायचे, सुती आणा.

एक राहिलं. मुलाला शाळेसाठी रेनकोट घ्यायचाय. मापाचा घ्यावा की मोठा? आणि दोन लागतील का?

---

टीप-दोरा | २८ मे, सकाळी ८:४०

एकच, पण एक नंबर मोठा घ्या. पाठीला दप्तर लावून वरून घालून बघा, मग माप ठरवा. पाठीला दप्तरासाठी घडी असलेला मिळतो, तो जास्त बरा. सॅटिनसारखं पातळ कापड आत असलेला घेऊ नका, ते पाणी धरून ठेवतं. घरी आल्यावर उलटा करून हँगरला लावायचा, दारामागे खिळ्याला अडकवलात तर काखेत ओला राहतो. टोपीला पुढे पारदर्शक पट्टी असेल तर मुलाला रस्ता दिसतो. छत्री या वयात नको, वाऱ्यात त्यांना आवरत नाही.

---

रानजाई | २८ मे, सकाळी ९:०२

घेते. आज संध्याकाळीच दप्तर बरोबर घेऊन जाते.